सोळा दिव्यांची पेटी

कंपनीला पत्र लिहितेय.
हा तिसरा मसुदा. पहिले दोन शिव्यांनीच भरले.

तुमच्या पेटीवर सोळा दिवे आहेत,
प्रार्थनेला उभी केलेली पोरं जशी एका रांगेत.
आमची कोपनित्सा अकराची:
दोन दोन तीन दोन दोन.
मधल्या तीनवर पाय जरा जास्त वेळ हवेत राहतो.
मी लांबी अकरा केली.
उरलेले पाच दिवे विझून बसले
मानपान चुकलेल्या व्याह्यांसारखे.
पण तुम्ही तर सगळ्यांचीच लांबी अकरा केलीत!
मला ढोल अकराचा हवा होता
आणि मशकबाजाचा सूर लांबच लांब,
डोंगराच्या कडेनं जाणारा, कुठे न तुटणारा.
तो आता दर अकराला
गळा दाबल्यासारखा थांबतो.

परवा समोकोवच्या वरच्या गावात लग्न होतं.
रुस्काचं, दुसरं.
चाळीस माणसं हातात हात घालून फेर धरलेली,
ऑर्लिनची क्लॅरिनेट तापलेली.
दिवे लुकलुकले, वीज जाईलसं वाटलं,
म्हणून मी सेव्हचं बटण दाबलं.

पेटी गप्प.

अर्धा सेकंदच असेल.
पण चाळीस पाय वर
आणि खाली उतरायला जमीन नाही.
कोपऱ्यातून मामानं चमचा उचलून
बाटलीवर तीन ठोके दिले.
फेर पुढे गेला.
कुणाला कळलं नाही. मला कळलं. त्याला कळलं.

मामा, म्हणजे क्रस्त्यो. बेचाळीस वर्षं ढोल वाजवला,
उजव्या हातात जाड दांडा, डाव्यात बारीक काडी.
खांदा गेला, म्हणून तुमची पेटी आली.
पट्ट्याखालची कातडी अजून पांढरी आहे,
भर उन्हाळ्यातही.

वेगाचं बटणही बघा एकदा.
एकशे अठ्ठावीस, मग एकशे एकोणतीस,
जिना चढल्यासारखं.
मामाच्या हाताखाली फेर असा तापायचा
की दूध कधी वर आलं ते कळूच नये.

नावाला आठच अक्षरं, तीही तुमच्या लिपीतली.
माझे ताल तिथे नंबरानं राहतात, कैद्यांसारखे.

आणि चूक मागे घेता येऊ द्या हो.
रात्री दोनला कॉपी करायला गेले
आणि दोन आठवड्यांचं काम पुसून बसले.
तुमच्याकडे रात्री दोनला कुणी जागं नसतं का?

काल मामाला पेटीसमोर बसवलं.
त्यानं चष्मा पुसला, बोटं पँटला पुसली,
मग दोन बोटांनी रबरी चौकटींवर वाजवत राहिला.
तिसऱ्या ठोक्याला तो नेहमी उशिरा पोचतो,
दारात कुणाशी तरी बोलत थांबल्यासारखा.
मी ते परत ऐकवलं.

त्यानं उशिरा दिलेलं सगळं
पेटीनं वेळेवर परत केलं.

कोण वाजवतंय? त्यानं विचारलं.
तूच.
छे. हा माणूस दारू पीत नाही.

तर, हे सरळ करणं बंद करायची काहीतरी सोय द्या.
एकेका ठोक्याला केसभर मागे, केसभर पुढे सरकू द्या.
एखादा कधी वाजेल, कधी नाही,
तेही त्याच्यावरच सोडा.
वाकडं आलं तर वाकडं ठेवा.
एवढं लिहून सही केली.

मामाला वाचून दाखवलं.
त्यानं मान खालीवर हलवली,
आमच्याकडे त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.
म्हणाला, मुख्य राहिलंच.

काय?

पट्टा लिही.
खांद्यावर घ्यायला.
टेबलाशी बसून
नाचणाऱ्यांचे पाय दिसतात का कुणाला?